तुरुंगातला मनाचा आजार आणि पेटीतले कागद

मागच्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या एक मावशी संध्याकाळी घरी आल्या. त्यांचा मुलगा मारामारीच्या गुन्ह्यात विदर्भातल्या एका तुरुंगात कच्चा कैदी आहे. त्या दिवशी मुलाखत घेऊन त्या परतल्या होत्या. "भाऊ, पोरगा मले ओळखतच नाही जी. जाळीतून पाह्यते अन् एकटाच हासते," एवढे बोलून त्या रडू लागल्या.

अटकेआधी त्याचा काही इलाज चालू होता का, असे मी विचारले. मावशी गप्प बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी पत्र्याच्या पेटीतून एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. त्यात मनोरुग्णालयाचे तीन वर्षांचे कागद होते. अटक झाली त्या दिवशी गोळ्या बंद झाल्या. पोलिसांना, वकिलाला, तुरुंगाच्या डॉक्टरला, कोणालाही हे कागद दाखवले गेले नव्हते. कारण काय, तर मुलीचे लग्न जुळवायचे होते. मी त्यांना रागावलो नाही. आपल्या नागपुरात कोराडी रोडवरच्या मनोरुग्णालयाजवळच्या चौकालाच लोक 'पागलखाना चौक' म्हणतात. तिथला कागद कोण हौसेने दाखवील?

पण बंधुभगिनींनो, असा कागद लपवला की माणूस आत हरवतो. आसामातील मचांग लालुंग यांना १९५१ साली अटक झाली व तेजपूरच्या मनोरुग्णालयात ठेवले गेले. १९६७ साली डॉक्टरांनी ते बरे असल्याचे कळवले, तर घरी सोडण्याऐवजी त्यांना गुवाहाटीच्या तुरुंगात पाठवले. ते सुटले २००५ साली. चोपन्न वर्षे, तीही खटला न चालता!

कायदा आता पूर्वीसारखा मुका नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा, तो २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला. त्याच्या कलम १०३ प्रमाणे प्रत्येक राज्यात किमान एका तुरुंगाच्या दवाखान्यात मनोरुग्णांसाठी सोय हवी, आणि जिथे ती नसेल तिथून कैद्याला बाहेर मनोरुग्णालयात हलवता येते. मनोरुग्णालयात ठेवलेल्या कैद्याच्या प्रकृतीचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो. शिवाय आपल्याकडे मनोरुग्ण कैदी नाही, असे तुरुंगाच्या डॉक्टरने दर तीन महिन्यांनी मानसिक आरोग्य मंडळाला लिहून द्यायचे असते. तिमाही पत्रकात 'निरंक' लिहिणे किती सोपे असते, ते माझ्यासारख्या बाबूने सांगायला नको. 'इंडिया जस्टिस रिपोर्ट २०२५' प्रमाणे देशभरच्या तुरुंगांत मिळून मानसशास्त्रज्ञ व मनोविकारतज्ज्ञ फक्त २५, आणि कैदी पावणेसहा लाखांच्या घरात. म्हणून आजार पहिल्यांदा दिसतो तो बहुधा बराकीतल्या सोबत्यांना, नाहीतर मुलाखतीला आलेल्या आईला.

हा प्रश्न आपल्या घरांचाही आहे. सरकारने २०२१ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०१९ अखेर देशात ४,७८,६०० कैदी होते. त्यांत अनुसूचित जातींचे ९९,२७३, म्हणजे शंभरात जवळजवळ एकवीस.

आपल्याच महाराष्ट्रातल्या फाशीच्या एका कैद्याला तुरुंगात असताना गंभीर मानसिक आजार झाला. १२ एप्रिल २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याची फाशी रद्द करून उरलेले आयुष्य तुरुंगवासाची शिक्षा दिली. निकालात त्याचे नावसुद्धा छापले नाही, 'आरोपी एक्स' एवढेच लिहिले, कारण रुग्णाचा आजार गुप्त राखण्याचा हक्क कैद्यालाही आहे. पेटी कुलूपबंद करणाऱ्या आईबापांनी हे ऐकून ठेवावे. डॉक्टरला आणि न्यायाधीशाला कागद दाखवणे म्हणजे वस्तीत दवंडी पिटणे नव्हे.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. आजारामुळे आरोपीला स्वतःचा बचाव करता येत नसेल, तर न्यायालय डॉक्टरांकडून तपासणी करवून खटला पुढे ढकलू शकते. दाखल करून ठेवण्याची गरज नसेल आणि नातेवाईकाने नियमित इलाज करवण्याची व सांभाळण्याची हमी लिहून दिली, तर गुन्हा जामीनपात्र नसला तरी त्याला सोडता येते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे होते, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नये. कोठडीतल्या माणसाला, त्याची मिळकत कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. फोन १५१०० वर लावावा.

मावशींचा अर्ज आम्ही दोन पानांत लिहिला. एक प्रत तुरुंग अधीक्षकांना, एक वकिलामार्फत न्यायालयात, एक प्राधिकरणाला. मुलगा काय बोलतो, झोपतो का, जेवतो का, हे मावशींनी सांगितले तसेच उतरवले. दवाखान्याच्या कागदांच्या झेरॉक्स जोडल्या, अस्सल घरीच ठेवले. तिन्ही ठिकाणी पोच घेतली, तारीख-शिक्क्यासह. ज्या अर्जाची पोच नाही तो अर्ज दिलाच नाही, असे आमच्या कचेरीत धरतात.

नवव्या दिवशी मुलाला तपासणीसाठी नेले. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आहेत. खटल्याची तारीख अजून लागायची आहे. परवाच्या मुलाखतीत त्याने आईला विचारले, "ताईचं लग्न झालं काय?"