ताळेबंदाची साक्ष

जमाखर्चाची वही ही व्यवहाराची साक्षीदार. परंतु साक्षीदारच फितूर झाला, तर न्याय कोणी करावा? पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या प्रकरणाने हा प्रश्न हजारो कुटुंबांच्या दारात आणून उभा केला.

१९८४ साली मुंबईत एका लहानशा जागेत सुरू झालेली ही सहकारी बँक पुढे अनेक राज्यांत पसरली. मार्च २०१९ च्या ताळेबंदात ठेवी ११,६०० कोटी रुपयांवर, नफा सुमारे १०० कोटी आणि थकलेली कर्जे चार टक्क्यांहूनही कमी दिसत होती. सहाच महिन्यांनी, २३ सप्टेंबर २०१९ रोजी, रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. आरंभी ठेवीदाराला सहा महिन्यांत मिळून केवळ एक हजार रुपये काढता येणार होते.

मग उघड झाले ते असे. बँकेची ६,५०० कोटींहून अधिक, म्हणजे एकूण कर्जांपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश, रक्कम एचडीआयएल या एकाच बांधकाम उद्योगसमूहाकडे अडकली होती. ती थकल्याचे दाखवले असते, तर नफा नाहीसा झाला असता. म्हणून त्या समूहाच्या ४४ खात्यांच्या जागी २१,०४९ बनावट छोटी खाती दाखवण्यात आली, असे तपासात पुढे आले. ही खाती बँकेच्या संगणकातील नोंदींत नव्हतीच; ती होती फक्त रिझर्व्ह बँकेला दिलेल्या यादीत.

यातील युक्ती साधी आहे. परीक्षक मोठी कर्जे बारकाईने पाहतो, लहान कर्जांतून मात्र नमुन्यादाखल थोडी निवडतो. डोंगर फोडून त्याची वाळू केली, की तो नजरेस पडत नाही. तरीही यादीची बेरीज खतावणीशी ताडून पाहिली असती आणि काही कर्जदारांना थेट पत्रे धाडून त्यांच्याकडील बाकी विचारली असती, तर हे सोंग फार काळ टिकते ना. बँकेच्या व्यवस्थापनाने पुढे केलेले कागद तेवढेच तपासणे म्हणजे परीक्षा नव्हे.

जानेवारी २०२२ मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचा आधार लाभला. त्यापुढील रकमेसाठी मात्र ठेवीदारांच्या वाट्याला दहा वर्षांपर्यंतची प्रतीक्षा आली. दरम्यान २०२० च्या कायदा-दुरुस्तीने सहकारी बँकांवरील रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढले.

कायदा हवाच. परंतु परीक्षकाचे मेहनताना देणारा धनी कोणीही असो, त्याचे इमान वहीत नाव नसलेल्या ठेवीदाराशीही असले पाहिजे. ज्याने आयुष्याची पुंजी विश्वासाने ठेवली, तो ताळेबंद वाचत नाही. परीक्षकाच्या सहीवरच तो विसंबतो.