औषधसूची आणि माजी सैनिक

‘हे औषध आपल्या यादीत नाही’ हे वाक्य सरकारी दवाखान्यात गेलेल्या बहुतेकांनी कधी ना कधी ऐकलेले असते. सांगणाऱ्याच्या दृष्टीने तो एक नियम असतो, तर ऐकणाऱ्याच्या दृष्टीने तो नकार असतो. ही यादी म्हणजे नेमके काय, ती कशासाठी करतात, माजी सैनिकांच्या आरोग्ययोजनेत ती कशी चालते आणि कोठे अडते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

बालरोगतज्ज्ञाने या विषयावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु आपल्याकडे शिपाई साधारणतः पस्तिशी-चाळिशीतच निवृत्त होतो. त्या वेळी त्याची मुले शाळकरी वयाची असतात आणि घरी वृद्ध आईवडील असतात. माजी सैनिक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पिकल्या मिशांचा गृहस्थ उभा राहतो, पण त्याच्या आरोग्यपत्रिकेवर तीन पिढ्यांची नावे असू शकतात. त्यातील सर्वांत धाकटी पिढी माझ्यासारख्याकडे येते.

सूची कशासाठी?

बाजारात औषधांची व्यापारी नावे हजारोंनी आहेत, परंतु त्यांमागील मूळ औषधे मोजकीच असतात. १९७५ साली जयसुखलाल हाथी समितीने आपल्या देशासाठी ११७ अत्यावश्यक औषधांची यादी सुचवली. जागतिक आरोग्य संघटनेची पहिली आदर्श सूची १९७७ साली प्रसिद्ध झाली, तीत सुमारे दोनशे औषधे होती. भारताची राष्ट्रीय सूची १९९६ साली निघाली आणि २००३, २०११, २०१५ व २०२२ मध्ये सुधारण्यात आली. २०२२ च्या सूचीत ३८४ औषधे आहेत.

सूची आखल्याने तीन गोष्टी साधतात. पहिली, निवड पुराव्यावर होते, विक्रेत्याच्या आग्रहावर नाही. दुसरी, थोडी औषधे मोठ्या प्रमाणात घेतल्याने भाव उतरतो. तिसरी, औषधांची संख्या आवाक्यात असल्याने त्यांची गुणवत्ता तपासता येते. या तिसऱ्या मुद्द्याचे महत्त्व महाराष्ट्राने फार मोठी किंमत देऊन जाणले आहे. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण दगावले आणि त्यातून न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग नेमला गेला. औषध खरेदीतील ढिलाई कोठवर जाऊ शकते, हे त्या चौकशीने उघड केले. उलट बाजूचे उदाहरण तमिळनाडूचे आहे. तेथे १९९४ साली स्थापन झालेल्या वैद्यकीय सेवा महामंडळाने मूळ नावाने एकत्रित खरेदी, जिल्हावार गोदामे आणि प्रत्येक मालाची प्रयोगशाळेत तपासणी ही पद्धत रुळवली.

थोडक्यात, सूची ही काटकसरीची युक्ती नव्हे, ते सुरक्षिततेचे साधन आहे. मात्र सूची चांगली असणे आणि ती चांगली चालवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

सैनिकांची सूची

लढून परतलेल्यांच्या औषधांची सोय शासनाने करावी ही कल्पना जुनी आहे. ऑस्ट्रेलियात पहिल्या महायुद्धानंतर १९१९ सालीच माजी सैनिकांसाठी औषधयोजना सुरू झाली. सर्वसामान्य नागरिकांची योजना तेथे १९४८ साली आली. आजही तेथील माजी सैनिकांच्या सूचीत जखमांच्या मलमपट्टीसारख्या काही वाढीव बाबी असतात. अमेरिकेत माजी सैनिकांच्या प्रत्येक रुग्णालयाची यादी पूर्वी निराळी होती. १९९७ साली सर्वांसाठी एकच राष्ट्रीय सूची झाली. तेथील एक व्यवस्था लक्षात घेण्याजोगी आहे. रुग्णाला सूचीबाह्य औषधाची गरज असल्याचे डॉक्टरांनी कारणासह कळवले, तर त्यावरील निर्णय ९६ तासांत द्यावा असा दंडक आहे. म्हणजे नकार मिळाला तरी तो कारणासह आणि मुदतीत मिळतो.

आपल्याकडे माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना १ एप्रिल २००३ पासून अमलात आली. ‘ईसीएचएस’ या नावाने ती घराघरांत परिचित आहे. सुरुवातीला २२७ पॉलिक्लिनिके मंजूर झाली, पुढे ती संख्या ४२६ वर गेली. आज ५० लाखांहून अधिक लाभार्थी या योजनेत आहेत. निवृत्तिवेतनधारक, त्यांचे जोडीदार, अवलंबित आईवडील आणि मुले यांना ती लागू आहे. कायमचे अपंगत्व असलेल्या अपत्याला तर वयाची अटही नाही, आणि ही तरतूद अत्यंत मोलाची आहे.

लष्कराच्या वैद्यकीय सेवेची स्वतःची जुनी सूची आहे. तिला ‘प्राइस्ड व्होकॅब्युलरी ऑफ मेडिकल स्टोअर्स’, म्हणजे वैद्यकीय सामग्रीची मूल्यांकित नामावली, असे म्हणतात. प्रत्येक औषधाला त्यात क्रमांक असतो. जे त्यात नाही ते ‘नॉट इन व्होकॅब्युलरी’. पॉलिक्लिनिकची मागणी त्या ठाण्याच्या लष्करी रुग्णालयाच्या वरिष्ठ वैद्यकीय अधिकाऱ्याकडे जाते आणि पुरवठा लष्करी वैद्यकीय भांडारांतून किंवा स्थानिक खरेदीतून होतो. औषध शिल्लक नसल्यास अधिकृत स्थानिक विक्रेत्याकडून मागवण्याची किंवा रुग्णाने विकत घेऊन परतफेड मागण्याची वाट नियमांत आहे.

कोठे अडते?

कागदावर ही साखळी पूर्ण आहे. २०१५ साली भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी या योजनेची तपासणी केली, तेव्हा औषधांच्या तुटवड्यावर बोट ठेवले होते. तुटवडा नेहमी पैशाअभावी होतो असे नाही, पुष्कळदा तो हिशेबाअभावी होतो. समजण्यापुरते एक उदाहरण घेऊ. एका पॉलिक्लिनिकमध्ये मधुमेहाचे ३०० रुग्ण मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा घेतात. रोजचा खप ६०० गोळ्या, महिन्याचा १८,०००. मागणी केल्यापासून माल हाती पडेपर्यंत तीन महिने लागतात असे समजा. मग कपाटात ५४,००० गोळ्या असतानाच नवी मागणी गेली पाहिजे, आणि विलंबासाठी एक महिन्याचा राखीव साठा धरला तर ७२,००० असताना. २०,००० उरल्यावर जाग आली, तर ३३ दिवसांत कपाट रिकामे होईल आणि पुढचे सुमारे दोन महिने प्रत्येकाला ‘शिल्लक नाही’ हेच ऐकावे लागेल. औषध सूचीत आहे, पैसा मंजूर आहे, तरी रुग्णाच्या हाती काही नाही!

हे ‘शिल्लक नाही’ शहरात ऐकणे आणि जोयडा तालुक्यातील अणशीसारख्या गावी राहून ऐकणे यांत फार अंतर आहे. अणशी हे काळी व्याघ्र प्रकल्पाच्या रानातले गाव आहे. एका बाजूला घाट उतरून कद्रामार्गे कारवार, जेथे नौदलाचा तळ आणि ‘पतंजली’ हे नौदलाचे रुग्णालय आहे. दुसऱ्या बाजूला जोयडा, रामनगर, खानापूर या वाटेने शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावर बेळगाव. तेथे १९२२ पासून मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे, लष्करी रुग्णालय आहे आणि योजनेचे पॉलिक्लिनिकही आहे. ज्या केंद्रात उमेदीच्या वयात कवायत केली, त्याच गावी उतारवयात गोळ्यांसाठी यावयाचे, असा या भागातील कित्येकांचा क्रम आहे. पावसाळ्यात घाटात दरड कोसळली की एक वाट बंद होते. अशा ठिकाणच्या माणसाला ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणणे म्हणजे ‘या महिन्यात औषध घेऊ नका’ म्हणण्यासारखेच आहे. परतफेडीची वाट त्याला मोकळी असली, तरी पदरचे पैसे आधी घालावे लागतात आणि कागदपत्रांसाठी पुन्हा तोच प्रवास करावा लागतो. म्हणून सूचीचे मोजमाप छापील पानांवर करू नये. परतीच्या बसमध्ये बसताना रुग्णाच्या पिशवीत काय आहे, यावर ते करावे.

आयुष्याची दोन टोके

सूची करणाऱ्यांच्या मनात बहुधा मधल्या वयाचा, साठ किलो वजनाचा माणूस असतो. बालके आणि वृद्ध ही दोन्ही टोके त्यातून निसटतात. जागतिक आरोग्य संघटनेची मुलांसाठीची स्वतंत्र सूची २००७ साली, म्हणजे मूळ सूचीनंतर तीस वर्षांनी आली.

अपस्माराचे उदाहरण पाहा. बारा किलो वजनाच्या मुलाला सोडियम व्हॅल्प्रोएट दिवसाला २४० मिलिग्रॅम द्यावयाचे ठरले, तर एका वेळचा डोस १२० मिलिग्रॅम होतो. पाच मिलिलिटरमध्ये २०० मिलिग्रॅम असलेल्या पातळ औषधाचे ते बरोबर तीन मिलिलिटर. पण कपाटात २०० मिलिग्रॅमची, जठरात न विरघळणाऱ्या आवरणाची गोळी असेल, तर ती मोडताही येत नाही आणि कुटताही येत नाही. नोंदवहीच्या दृष्टीने ‘व्हॅल्प्रोएट उपलब्ध’, मुलाच्या दृष्टीने अनुपलब्ध. असे पालक माझ्याकडे आलेले आहेत. हे औषध अचानक तुटले तर आवरता न येणारे झटके येऊ शकतात, तेव्हा येथे प्रश्न केवळ गैरसोयीचा राहत नाही. सूचीत औषधाचे नाव पुरेसे नाही. त्याचे रूप आणि मात्राही हवी.

वृद्धांचे तसेच आहे. वयस्कांनी शक्यतो टाळावयाच्या औषधांची यादी अमेरिकेतील डॉ. मार्क बीअर्स यांनी १९९१ साली प्रथम मांडली. मधुमेहावरील ग्लिबेनक्लामाइड स्वस्त आणि परिणामकारक आहे. पण वृद्धांत त्याने रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत व दीर्घकाळ उतरू शकते. म्हणून जागतिक सूचीत २०१३ साली ग्लिक्लाझाइड आले. सूची बदलती असली पाहिजे, ती याकरिता.

आपण काय करू शकतो?

व्यवसायबंधूंना विनंती अशी की, योजनेतील रुग्णाला चिठ्ठी देताना औषधाचे मूळ नाव, मात्रा आणि रूप स्वच्छ लिहावे. केवळ व्यापारी नाव लिहिल्यास पॉलिक्लिनिकमध्ये ते ‘यादीत नाही’ ठरते, वस्तुतः तेच औषध दुसऱ्या नावाने तेथे असते. सूचीतील औषध एखाद्याला खरोखरच चालत नसेल, तर कारण एका ओळीत लिहावे: ‘खोकल्यामुळे एनालाप्रिल बंद केले’. कारण लिहिलेली मागणी मान्य होण्याचा संभव अधिक.

माजी सैनिक बंधू-भगिनींना विनंती अशी की, गोळीचा रंग किंवा वेष्टन बदलले तर घाबरू नये, पण मूळ नाव वाचून घ्यावे. ‘एक मिलिटरीची, एक बाहेरची’ असे म्हणून एकाच औषधाच्या दोन गोळ्या रोज घेणारे रुग्ण आढळतात. तपासणीला जाताना घरातील सर्व औषधे एका पिशवीत घालून न्यावीत. औषध पंधरवड्याचे उरले असतानाच पुढची फेरी आखावी, आणि पावसाळ्यापूर्वी जास्त दिवसांचा पुरवठा शक्य आहे का, हे विचारून पाहावे.

व्यवस्थेकडून अपेक्षा तीनच. ज्यांच्यावाचून जीव धोक्यात येतो अशा औषधांचा राखीव साठा कधीही शून्यावर येऊ नये. मग ती अपस्माराची असोत, इन्शुलिन असो वा हृदयविकाराची. मुलांची व वृद्धांची औषधे सूचीत त्यांच्या रूपासह लिहिली जावीत. आणि सूचीबाह्य मागणीला ठरलेल्या मुदतीत, कारणासह उत्तर मिळावे. यासाठी नवा कायदा लागत नाही. नोंदवही वेळेवर पाहणारा माणूस लागतो.

सूची लहान असण्यात काही गैर नाही. चांगले वैद्यक थोड्या औषधांत बसते, असे माझे आजवरच्या व्यवसायातील मत आहे. मात्र ती थोडी औषधे प्रत्येक वेळी, प्रत्येक वयाला, आणि घाटावरच्या शेवटच्या गावालाही मिळाली पाहिजेत. ज्याने सीमेवर असताना ‘आज दारूगोळा शिल्लक नाही’ हे उत्तर कधी मान्य केले नसते, त्याला गोळ्यांच्या खिडकीवर ते ऐकावे लागू नये, एवढीच अपेक्षा.