मासळीचा तरवा खाडीतल्या कांदळवनात

शाहूवाडी : आपल्या तालुक्याला समुद्र नाही, मग कांदळवनाशी आपला काय संबंध, असं कुणीही विचारेल. संबंध दोन वाटांनी आहे. रत्नागिरीची मासळी आंबा घाट चढून मलकापूरच्या बाजारात येते, ही एक वाट. दुसरी पाण्याची. आपल्या अंगाला पडलेला पाऊस कडवी, कासारीतून कृष्णेकडे जातो. कड्यापलीकडचं पाणी मात्र कोकणात उतरतं. विशाळगडाजवळच्या माचाळला उगम पावणारी मुचकुंदी पूर्णगडला समुद्राला मिळते. काजळी साखरप्यावरून रत्नागिरीजवळ भाट्याला जाते. नदीचं गोडं पाणी भरतीच्या खाऱ्या पाण्यात जिथं मिसळतं, त्या खाडीच्या चिखलात कांदळवन वाढतं. यालाच खारफुटी म्हणतात. तिवर, चिपी, कांदळ ही त्यातली झाडं.

भात लावणाऱ्याला पुढची गोष्ट लगेच कळेल. आधी वाफ्यात तरवा, मग शेतात लावण. मासळीचंही तसंच आहे. कोळंबी, जिताडा, बोय यांची पिल्लं खाडीत वाढतात. मुळांच्या गुंत्यात मोठा मासा सहज शिरत नाही, आणि गळालेली पानं कुजून पिल्लांना खाणं मिळतं. तिवरं तोडली म्हणजे तरवाच उपटला. मग समुद्रात मोठी जाळी टाकून काय उपयोग?

1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. तेव्हा छोट्या होडीवाल्याचं घर खाडीवरच चालतं. ओहोटीला चिखलात उतरून कालवं, शिंपल्या, खेकडे गोळा करणाऱ्या बाया वर्षभर त्यावरच असतात.

मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये कांदळवन तोडीवर बंदी घातली, 2018 मध्ये ती आणखी पक्की केली. भोवतालच्या 50 मीटरमध्ये बांधकामही नाही. कायदा चांगलाच, पण त्याची झळ गरिबालाही बसते. खारजमिनीचा बांध फुटला की भाताच्या खाचरात खारं पाणी शिरतं, काही वर्षांत तिवरं उगवतात, आणि स्वतःच्याच जमिनीतलं झाड तोडता येत नाही. गव्यांनी पीक खाल्लेल्या आपल्या शेतकऱ्याला हे दुखणं वेगळं सांगायला नको.

नुसत्या बंदीने पोट भरत नाही, हे सरकारलाही उमगलं. 2012 मध्ये वनविभागाचा कांदळवन कक्ष सुरू झाला. 2017 पासूनच्या उपजीविका योजनेत खेकडापालन, पिंजऱ्यातलं जिताडापालन, कालवांची शेती यांना अनुदान मिळतं. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. तिथं उभं झाडच कमाई देतं.

आता पुन्हा डोंगराकडे. ही झाडं चिखलातून वर आलेल्या मुळ्यांनी श्वास घेतात. थोडा गाळ त्यांना हवाच असतो. पण कड्यावरची झाडी तुटली, उतार उघडे पडले, तर पावसाळ्यात माती लोंढ्यानं खाली जाते. मुळ्या गाळात बुजल्या की झाड उभ्या उभ्या वाळतं, आणि तिथं कुणी कुऱ्हाड लावलेली नसते.