विश्लेषण : ‘बीटल्स’ला रोखणारा गायक युरोव्हिजनमध्ये २५वा कसा? ७६व्या वर्षी हम्परडिंकची निवड ब्रिटनने का केली होती?

युरोपातील सर्वात मोठ्या गीतस्पर्धेत देशाचे प्रतिनिधित्व करण्यासाठी सहसा विशी-तिशीतील गायकांना पाठवले जाते. ब्रिटनने २०१२मध्ये मात्र थेट ७६ वर्षांच्या एन्गलबर्ट हम्परडिंक यांना मैदानात उतरवले. जन्म मद्रासचा, एकेकाळी ‘बीटल्स’ला पहिल्या क्रमांकापासून रोखणारा हा गायक २६ देशांच्या अंतिम फेरीत २५वा आला. असे का झाले आणि ज्येष्ठ गायकाला पाठवण्याचा निर्णय खरेच चुकला का, याविषयी...

हम्परडिंक कोण?

त्यांचे मूळ नाव अर्नोल्ड जॉर्ज डॉर्सी. जन्म २ मे १९३६ रोजी तेव्हाच्या मद्रासमध्ये. वडील ब्रिटिश सैन्यात होते. दहा भावंडांचे हे कुटुंब पुढे इंग्लंडमधील लेस्टर शहरात स्थायिक झाले. उमेदीच्या काळात क्षयरोगाने गाठल्यामुळे अर्नोल्ड यांची गायकी काही काळ थांबली. १९६५मध्ये व्यवस्थापक गॉर्डन मिल्स यांनी त्यांना नवे नाव दिले. ‘हॅन्सेल आणि ग्रेटेल’ या ऑपेराच्या जर्मन संगीतकाराचे हे नाव. १९६७मध्ये ‘रिलीज मी’ हे त्यांचे गाणे ब्रिटनमध्ये सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. त्यामुळे ‘पेनी लेन’ आणि ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ ही ‘बीटल्स’ची गाणी असलेली ध्वनिमुद्रिका दुसऱ्या क्रमांकावरच अडली. त्याच वर्षी ‘द लास्ट वॉल्ट्झ’ही अव्वल ठरले.

ब्रिटनला त्यांची गरज का भासली?

युरोव्हिजन १९५६मध्ये स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे सात देशांना घेऊन सुरू झाली. ब्रिटनने ती पाच वेळा जिंकली, पण त्यातील शेवटचे विजेतेपद १९९७चे. त्यानंतर घसरण सुरू झाली. २००३मध्ये शून्य गुण, तर २००८ आणि २०१०मध्ये शेवटचा क्रमांक. स्पर्धेत गाणे म्हणजे कारकीर्द पणाला लावणे, अशी भीती ब्रिटनमध्ये व्यक्त होऊ लागली. २०११मध्ये ‘ब्ल्यू’ हा नावाजलेला गट पाठवल्यावर ११वा क्रमांक मिळाला. ओळखीचा चेहरा काही प्रमाणात उपयोगी पडतो, असा अर्थ त्यातून काढता येत होता. मार्च २०१२मध्ये बीबीसीने हम्परडिंक यांच्या नावाची घोषणा केली. युरोपभर ओळख, अनेक दशकांचा मंचावरचा अनुभव आणि नव्याने सिद्ध करण्यासारखे काही उरलेले नाही, या त्यांच्या जमेच्या बाजू होत्या.

बाकूमध्ये काय घडले?

२६ मे २०१२ रोजी अझरबैजानची राजधानी बाकू येथे अंतिम फेरी झाली. ‘लव्ह विल सेट यू फ्री’ हे वॉल्ट्झच्या संथ लयीतील गाणे हम्परडिंक यांनी सादर केले. सोबतीला गिटार आणि मागे नाचणारे एक जोडपे, एवढाच थाट. चिठ्ठीत ब्रिटनच्या वाट्याला पहिला क्रमांक आला होता. म्हणजे त्यांच्यानंतर आणखी २५ गाणी सादर झाली आणि मगच प्रेक्षकांचे मतदान सुरू झाले. संथ गाण्यासाठी ही सर्वात अवघड जागा. पुढच्याच वर्षीपासून गाण्यांचा क्रम मुख्यतः चिठ्ठीऐवजी निर्माते ठरवू लागले.

१२ गुण म्हणजे किती कमी?

त्या वर्षी ४२ देश सहभागी होते. स्वतःच्या देशाला मत देता येत नाही, त्यामुळे ब्रिटनला ४१ देशांकडून गुण मिळू शकत होते. प्रत्येक देशात तज्ज्ञ परीक्षक आणि प्रेक्षक यांच्या कौलाला निम्मे-निम्मे वजन होते. दोन्ही मिळून निघणाऱ्या पहिल्या दहा गाण्यांना १२, १०, ८ ते १ असे गुण मिळत. अकराव्या गाण्याला काहीच नाही. एक देश आपल्या सर्वात आवडत्या गाण्याला जेवढे गुण देतो, तेवढेच म्हणजे १२ गुण हम्परडिंक यांना सगळ्या देशांकडून मिळून मिळाले. शेवटच्या नॉर्वेला सात. विजेत्या स्वीडनच्या लोरीनला मात्र ३७२ गुण होते.

वय आड आले का?

त्याच रात्रीचा दुसरा क्रमांक याचे उत्तर देतो. रशियाच्या बुरानोवो गावातील आजीबाईंच्या गटाने २५९ गुण मिळवले. त्यातील एक आजी तर हम्परडिंक यांच्यापेक्षाही काही महिन्यांनी मोठ्या होत्या. त्यांनी उदमुर्त भाषेत आणि इंग्रजीत गात गावच्या चर्चसाठी निधी जमवण्याचा हेतू सांगितला. म्हणजे प्रेक्षकांना म्हातारपण खटकले नाही. शेजारी देश एकमेकांना मते देतात, ही तक्रारही अपुरी ठरते. कारण २००९मध्ये ब्रिटन पाचवा होता आणि २०१०मध्ये जर्मनी जिंकली होती. शिवाय तेव्हा ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, इटली आणि स्पेन यांना उपांत्य फेरी खेळावी लागत नव्हती. त्यामुळे त्यांची गाणी मतदारांच्या कानावर कमी पडत. तीन मिनिटांत नवे गाणे मनात रुजवायचे असते. तिथे जुनी पुण्याई फारशी कामी येत नाही.

पुढे काय झाले?

२०१३मध्ये ब्रिटनने पुन्हा ज्येष्ठ गायिका बॉनी टायलर यांना पाठवले. त्या १९व्या आल्या. २०१४पासून नव्या चेहऱ्यांकडे मोर्चा वळला. तरीही २०२१मध्ये शून्य गुणच पदरी पडले. अखेर २०२२मध्ये टाळेबंदीत समाजमाध्यमांवर लोकप्रिय झालेल्या सॅम रायडरने ४६६ गुणांसह दुसरा क्रमांक मिळवला.

हम्परडिंक यांची कारकीर्द मात्र बाकूमध्ये संपली नाही. २०१४मध्ये एल्टन जॉनसह अनेकांबरोबरच्या युगुलगीतांचा त्यांचा अल्बम आला. २०२२मध्ये ‘मून नाइट’ या मालिकेत ‘अ मॅन विदाउट लव्ह’ हे त्यांचे १९६८चे गाणे वाजले आणि नव्या पिढीने ते मोबाइलवर शोधून ऐकले. त्या वेळी ते वयाची ८६ वर्षे पूर्ण करत होते.