माचा पॅनकेक: अंडं नको, पण फुगायला तर हवा!

भाग ऐकून ज्यांना प्रमाण लिहून हवं असतं, त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर. बोललो तसंच ठेवलंय, मधलं अडखळणं तेवढं काढलंय.

आजचा विषय माचा पॅनकेक. मी करकंबचा. आमच्या पंढरपूर तालुक्यात माळकरी घरं भरपूर आणि माळकऱ्याच्या स्वयंपाकघरात अंडं येत नाही. जाड, लुसलुशीत जपानी पॅनकेकच्या रेसिपी मात्र सुरूच होतात अंड्याचा पांढरा भाग फेटण्यापासून. मग आपण काय करायचं? तर आधी अंडं तिथं काय काम करतं ते बघायचं, आणि ते काम दुसऱ्याला द्यायचं.

फुगतं म्हणजे काय होतं?

दोन गोष्टी होतात. पिठात हवा तयार होते आणि पीठ शिजून घट्ट होईपर्यंत ती आत टिकते. फेटलेलं अंडं दोन्ही करतं. आपल्याकडे हवेचं काम ताक आणि सोडा करतात. ताकातलं आम्ल सोड्याला भेटलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो. हा वायू लगेच सुटतो, म्हणून पीठ कालवून ठेवून देऊ नका. बेकिंग पावडर मात्र तव्यावर गरम झाल्यावर पुन्हा एकदा वायू सोडते. म्हणून दोन्ही घालायचं.

धरून ठेवायचं काम घट्ट पिठाचं. पळीतून धार लागली तर पातळ झालं. गोळ्यागोळ्याने पडायला हवं. आणि फार घोटायचं नाही. मैद्यातलं ग्लुटेन ताणलं की पॅनकेक चिवट होतो. बारीक गुठळ्या राहू द्या.

प्रमाण (साधारण सहा पॅनकेक)

- मैदा १ कप (१२० ग्रॅम)
- माचा २ छोटे चमचे (४ ग्रॅम)
- साखर २ मोठे चमचे
- बेकिंग पावडर १ छोटा चमचा, सोडा पाव छोटा चमचा, चिमूटभर मीठ
- दाट ताक पाऊण कप, लागलं तर थोडं दूध
- पातळ केलेलं लोणी किंवा तेल २ मोठे चमचे

कोरडं सगळं एकत्र चाळा. माचाच्या गुठळ्या फार होतात, चाळणं टाळू नका. मग ओलं घालून दहा-बारा वेळा हलवा आणि थांबा.

तवा आणि रंग

माचा म्हणजे नुसती ग्रीन टीची पूड नव्हे. तोडणीआधी साधारण तीन आठवडे चहाची झुडपं सावलीत ठेवतात, त्यामुळे पानात हरितद्रव्य वाढतं. पानं वाफवून, वाळवून, शिरा काढून दळतात. हेच हरितद्रव्य जास्त उष्णतेनं आणि आम्लानं मळकट होतं. सोडा ताकाचं आम्ल मारतो, तो इथंही कामाला येतो. पण सोडा वाढवू नका, साबणासारखी चव लागते.

म्हणून आच मंदच. बिडाचा तवा असेल तर तो उष्णता धरून ठेवतो. आधी तापवा, मग गॅस बारीक करून दोन मिनिटं थांबा. पाव कप पीठ घाला, पसरू नका, झाकण ठेवा. कोकणातली सुरनळी आठवा: ताकातलं आंबवलेलं पीठ, झाकण ठेवून एकाच बाजूनं शिजवतात, आणि जाळी कशी पडते! वाफेनं वरची बाजू ओलसर राहते, पीठ चढायला वेळ मिळतो. दोन-तीन मिनिटांत वर बुडबुडे फुटून भोकं तशीच राहिली की एकदाच उलटा. उलथण्यानं दाबू नका, आतली हवा निघून जाते.

माचा विकत घेताना

गावात मिळत नाही, ऑनलाइनच मागवावा लागतो आणि स्वस्त नाही. डब्यावरच्या ‘सेरेमोनियल’ या शब्दाला कुठलंही अधिकृत मानक नाही. पॅनकेकला साधा, स्वयंपाकासाठीचा माचा पुरतो. घटकांची यादी वाचा: त्यात साखर किंवा दूध पावडर असेल तर ते लाटेचं मिश्रण आहे. पूड खाकी दिसली तर जुनी असण्याची शक्यता जास्त. उघडल्यावर हवाबंद डब्यात, उजेडापासून दूर ठेवा. आणि त्यात कॅफीन असतं, लहान मुलांना रात्री देऊ नका.

वरून मध चालेल, पण आमच्या ऊसपट्ट्यात काकवी असताना मध कशाला? माचाच्या कडवटपणाला ती छान जुळते.

करून बघा आणि किती फुगला ते कळवा. भेटू पुढच्या भागात!