ऑलिंपिक क्रीडाप्रकारांतील श्रेष्ठत्वाची तुलना

ऑलिंपिक स्पर्धेतील भिन्न क्रीडाप्रकारांच्या खेळाडूंमध्ये श्रेष्ठ कोण, हा क्रीडाक्षेत्रातील एक जुना वादविषय आहे. सर्व प्रकारांना लागू पडेल असे एकच परिमाण नसल्याने केवळ पदकसंख्येवर आधारलेली तुलना अपुरी ठरते.

मोजमापाच्या पद्धती

क्रीडाप्रकारांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. धावणे, पोहणे, भारोत्तोलन यांत वेळ किंवा वजन मोजले जाते. कुस्ती व मुष्टियुद्ध यांत निकाल प्रतिस्पर्ध्याच्या बळावरही अवलंबून असतो. जिम्नॅस्टिक्समध्ये पंच गुण देतात. डेकॅथलॉनमध्ये दहा प्रकारांतील कामगिरीचे कोष्टकानुसार गुणांत रूपांतर करतात. मात्र असे कोष्टक कुस्तीला लावता येत नाही.

१९२० चा भारतीय संघ

पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष दोराबजी टाटा यांच्या पुढाकाराने १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय संघ गेला. त्यातील बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले, तर रणधीर शिंदे यांना कुस्तीत चौथे स्थान मिळाले. चौगुले यांची सुमारे २ तास ५० मिनिटांची वेळ आजच्या धावपटूंच्या वेळेशी ताडून पाहता येते. शिंदे यांच्या कुस्तीचे असे कोणतेही माप मागे उरलेले नाही; तरीही क्रमांक पाहता तेच पुढे ठरतात.

पदकसंख्येची मर्यादा

अमेरिकेचे जलतरणपटू मायकेल फेल्प्स यांच्या नावावर २८ पदके असून त्यांपैकी २३ सुवर्ण आहेत. जलतरणपटूला एकाच ऑलिंपिकमध्ये अनेक अंतरे, शैली व रिले शर्यतींत उतरता येते; मल्लाला सहसा एकाच वजनगटात लढावे लागते. क्यूबाचे मल्ल मिहाइन लोपेस यांनी २००८ ते २०२४ या काळात सलग पाच सुवर्णपदके जिंकली. एकाच वैयक्तिक प्रकारात असा पराक्रम करणारे ते पहिले खेळाडू होत.

महाराष्ट्रातील उदाहरणे

खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळविले. ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिस येथे ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकले. त्याच स्पर्धेत बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे ३,००० मीटर स्टीपलचेसमध्ये अकरावे आले. त्यांना पदक मिळाले नाही. परंतु या शर्यतीची ऑलिंपिक अंतिम फेरी गाठणारे ते पहिले भारतीय पुरुष धावपटू ठरले.

यावरून खेळाडूचे मूल्यमापन त्याच्याच क्रीडाप्रकारातील समकालीनांवरील आघाडी, सातत्य, उपलब्ध संधी व साधने यांच्या आधारे करणे अधिक न्याय्य ठरते.