चंचल मूल आणि आपले अवधान

प्रत्येक वर्गात असे एखादे मूल असतेच. फळ्यावरील गणित अर्धे उतरवून त्याचे लक्ष खिडकीबाहेर जाते, प्रश्न पुरा होण्याआधीच ते उत्तर देते आणि कंपासपेटी वरचेवर हरवते. घरी त्याला ‘वांड’ म्हणतात, शाळेत ‘बेशिस्त’.

वैद्यकशास्त्र याला अवधान-न्यूनता व अतिचंचलता, अर्थात एडीएचडी म्हणते. लक्ष टिकवणे, ऊर्मी आवरणे, काम क्रमाने पुरे करणे ही मेंदूची कार्ये अशा मुलांत वेगळ्या गतीने विकसित होतात. यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. हा बुद्धीचा, संस्कारांचा वा इच्छाशक्तीचा दोष नव्हे. 1902 साली लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांचे वर्णन केले, तेव्हा त्यांना त्यात नैतिक संयमाचा अभाव दिसला. विज्ञान पुढे गेले. प्रगतिपुस्तकातील शेरे मात्र अजून तेथेच रेंगाळतात.

चंचलता दिसली की निदान झाले, असेही नाही. लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली, किमान सहा महिने टिकलेली आणि एकाहून अधिक ठिकाणी दिसणारी असावी लागतात. निवासी शाळेत वर्गशिक्षक व वसतिगृह अधीक्षक यांच्या नोंदी शेजारी ठेवून हे पडताळता येते. कमी ऐकू येणे, अधू दृष्टी, रक्तक्षय, अपुरी झोप, घरची ओढ यांनीही लक्ष उडते. ते आधी तपासावे. मुलींबाबत अधिक जागरूक राहावे. स्वतःत हरवलेली मुलगी कोणाला त्रास देत नाही, म्हणून ती नजरेतून सुटते.

वय वाढले की धावपळ ओसरते. परंतु अनेकांत विसराळूपणा, अर्धवट कामे, वेळेचा गोंधळ उरतो. निदान व उपचार प्रौढपणीही होतात, हे आमच्या माजी विद्यार्थ्यांनी ध्यानी घ्यावे.

आम्हा शिक्षकांच्या हाती साधे उपाय आहेत : पुढचा बाक, एका वेळी एकच सूचना, गृहपाठाचे लहान तुकडे, मध्ये हालचालीची मुभा आणि चांगल्या कामाचे तत्काळ कौतुक. मारहाण व मानसिक छळ यांस 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने मनाई आहे. औषधे उपयुक्त ठरतात, पण केवळ तज्ज्ञांच्या सल्ल्याने.

फेब्रुवारी 2013 मध्ये पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी यादीत या विकाराचा समावेश आहे. शाळेत पथक आले की शंका असलेल्या मुलाकडे त्यांचे लक्ष वेधावे. भुसावळच्या पालकांना जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. धुळ्याकडील पालकांना भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. ‘टेलिमानस’च्या 14416 या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

‘याला शिकणे जमणार नाही’ हे वाक्य आपल्या आजा-पणजांनी जन्माच्या नावाने ऐकले. त्यांच्या नातवंडांना ते स्वभावाच्या नावाने, आणि तेही आपल्याच तोंडून, ऐकावे लागू नये.